काटा

विमानात चढण्याआधी आमच्या बेटावर
माणसाचंही वजन होतं.
अठरा खुर्च्यांचं विमान. पंखापाशी कुणी बसायचं, शेपटीकडे कुणी,
हे मी ठरवतो. मी मानासे, काटेवाला.
आधी बोचकी, मग माणूस.
आकडा वहीत लिहितो, मोठ्यानं वाचत नाही.
माझ्या नोकरीत सभ्यता म्हणावी तर एवढीच.

लोसालिने पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली,
कमरेची चटई सोडू का रे? हिचंच दोन किलो भरेल.
नको, म्हटलं. चटई सोडून तू देवापुढे जात नाहीस,
माझ्यापुढे कशाला?
काटा एकशे अडतीसपाशी थरथरला, थांबला.
तिनं पाहिलंच नाही. म्हणाली,
माझ्या आजीला बघायला हवं होतंस,
ती बसली की होडीला तोल यायचा.

खरं आहे. अंगानं भरलेला माणूस म्हणजे
घरात मासे आहेत, शेजार धड आहे.
रोडावलेला दिसला की आम्ही हळूच विचारतो,
कोण गेलं?

पण तिची आजी कोनफळं खणायची,
नीरफणस भाजायची जमिनीच्या पोटात,
ओहोटीला खडकांवर वाकून कालवं काढायची
आणि मग बसायची.

आता दर पंधरवड्याला बोट येते.
मेंढीच्या पोटाकडच्या चरबीच्या पट्ट्या, गोठवलेल्या,
ज्या देशात त्या मेंढ्या चरतात
तिथं म्हणे त्या कुणी ताटात घेत नाही.
आणि गोमांसाचे डबे.
लग्नाला डबा, दुखवट्याला डबा, पाद्रीबुवांना दोन.
आम्ही मासा धरतो, राजधानीला विकतो,
त्या पैशात चरबी आणतो.
आम्ही म्हणजे मीही.

केवड्याच्या पाती तासताना
एक काटा तिच्या टाचेत गेला.
गेला, हे तिला कळलंच नाही.
साखरेनं तिच्या पायांतली जाग
कधीच नेली होती, गुपचूप,
आधी बोटं, मग तळवा, मग टाच.
रविवारी देवळाच्या फरशीवर डाग उमटला.
सून कुजबुजली, रक्त कुणाचं?
सगळे एकमेकांच्या पायांकडे बघू लागले.
लोसालिनेही बघू लागली,
दुसऱ्यांच्या.

त्या आठवड्यात तिला दाराजवळची खुर्ची दिली,
वासामुळे. कारण विचारलं तर तोल, असं सांगितलं.
माझ्या काट्यावर डुक्कर मोजता येतं, इंजिनाचा भाग मोजता येतो,
तो काटा मात्र त्याला दिसला नव्हता.

चार महिन्यांनी तपासणीला निघाली, कुबड्यांवर.
कुबड्या मी धरल्या, मुलगा तुआलाऊनं तिला धरलं,
मग म्हटलं, अरे सोड, तुझा भार येतोय.
त्यानं सोडलं.
ती एका पायावर उभी राहिली,
हात माझ्या डोक्यावर, टेकवलेला नाही, नुसता ठेवलेला,
जसं लहानपणी शाळेत शिकवताना ठेवायची.
किती? तिनं विचारलं.
इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
एकशे चोवीस.
डॉक्टर तीन वर्षं म्हणत होते, लोसालिने, उतरव, उतरव.
घ्या, उतरवलं!
आणि हसली. पोट हललं, चटई हलली,
काटा वेड्यासारखा पुढेमागे झाला.
मीही हसलो, वडीलधारं माणूस हसतंय म्हणून.
तुआलाऊ बाहेर जाऊन उभा राहिला.

विमान गेलं. धावपट्टीवरून जाणाऱ्या रस्त्याचं फाटक मी उघडलं.
दोन सायकली गेल्या, डुकरीण आणि पिल्लं गेली.
बायकोनं दिलेला डबा टेबलावर होता,
झाकणाच्या कडेला पांढरी साय धरलेली.
आत येऊन बूट काढला, मोजा काढला.
काट्यावर चढलो नाही.
वहीचं पेन घेतलं
आणि टोक टाचेला लावलं.
दाबलं.
अजून थोडं दाबलं.